इटालियन भाषा आणि अनुवादव्यवसाय

इटालियन ही इंडो-यूरोपियन भाषाकुटुंबातील रोमान्स शाखेची एक प्रमुख भाषा होय. इटली, सान मारीनो आणि व्हॅटिकन सिटी यांची ती व्यवहारभाषा असून स्वित्झर्लंडमध्ये ती संघराज्याच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. तेथील तिचीनो हा कँटन आणि ग्राउब्यून्डेन कँटनाचा काही भाग इटालियनभाषी आहे. स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांच्या इस्त्रिया भागातही तिचे अल्पसंख्य भाषिक आहेत. मातृभाषा म्हणून ती बोलणाऱ्यांची एकूण संख्या सहा कोटींहून अधिक भरते.

या भाषेच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे, की ती दीर्घकाळ बोलण्यापेक्षा लिहिण्याची भाषा होती. फ्रान्स वा इंग्लंड येथे राजसत्तेच्या केंद्राची बोली हळूहळू राष्ट्रभर पसरली. इटलीत १८६१ पूर्वी असे केंद्रच नव्हते. लॅटिन दस्तऐवजाचा अर्थ लोकभाषेत सांगणारे नोटरी, सिसेरोचे ग्रंथ व्यापाऱ्यांसाठी उतरवून काढणारे लेखक, तुर्की दरबारातील दुभाषे आणि व्हेनिसचे मुद्रक यांच्या हातून ती घडत गेली. त्यामुळे इटालियनचा इतिहास आणि अनुवादाचा इतिहास हे दोन विषय फारसे वेगळे करता येत नाहीत.

लॅटिनपासून इटालियन : इटालियन भाषा साहित्यिक लॅटिनपासून नव्हे, तर सामान्य लोकांच्या बोलण्यातील लॅटिनपासून उत्पन्न झाली. लॅटिन शब्दांच्या अखेरची व्यंजने लोपली आणि बहुतेक शब्द स्वरान्त झाले. नामांची विभक्तिरूपे नाहीशी होऊन त्यांची जागा शब्दयोगी अव्ययांनी व उपपदांनी घेतली. स्पॅनिश वा फ्रेंचप्रमाणे ‘स्’ लावून अनेकवचन न करता अंत्य स्वर बदलून ते करण्याची पद्धती रूढ झाली : लीब्रो (पुस्तक) – लीब्री (पुस्तके), कासा (घर) – कासे (घरे).

मराठी वाचकाला यातील एक ध्वनिपरिवर्तन विशेष ओळखीचे वाटेल. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले. त्याचप्रमाणे लॅटिन ‘सेप्तेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झाले. ‘ओक्तो’चे (आठ) ‘ऑत्तो’ आणि ‘नोक्तेम’चे (रात्र) ‘नॉत्ते’ ही याच प्रकारची रूपे होत. भिन्न व्यंजनांचा जोड सारख्या व्यंजनांच्या जोडात बदलण्याची ही प्रवृत्ती दोन दूरच्या भाषांत स्वतंत्रपणे दिसते. मराठीत पुढे हे द्वित्व एकेरी झाले (सात, आठ); प्रमाण इटालियनने ते जपले. तेथे द्वित्वाने अर्थही बदलतो : ‘फातो’ म्हणजे नियती, तर ‘फात्तो’ म्हणजे घडलेली गोष्ट. लॅटिन ‘फ्ल’, ‘प्ल’ यांसारख्या जोडांतील ‘ल’काराचा ‘य’सदृश उच्चार झाला : फ्लोरेम – फ्योरे (फूल), प्लानुम – प्यानो (सपाट, हळुवार). पियानो या वाद्याचे नाव या शेवटच्या शब्दावरूनच आले आहे. मराठीत तत्सम आणि तद्‌भव शब्द शेजारी नांदतात तसे इटालियनमध्येही नांदतात. लॅटिन ‘व्हितिउम’पासून ‘व्हेत्सो’ (लकब, सवय) हा घासून आलेला आणि ‘व्हीत्सिओ’ (दुर्गुण) हा ग्रंथांतून पुन्हा घेतलेला, असे दोन शब्द तिला मिळाले.

या साम्यांकडे फार पूर्वी लक्ष वेधणारा एक फ्लॉरेन्सवासी गोव्यात होऊन गेला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. फीलिप्पो सास्सेत्ती (१५४०–८८) हा व्यापारी १५८३ मध्ये हिंदुस्थानात आला; कोचीन व गोवा येथे त्याने मिऱ्यांच्या व्यापाराचे काम पाहिले आणि गोव्यातच तो मरण पावला. मायदेशी धाडलेल्या पत्रांत त्याने संस्कृत व इटालियन यांतील सहा ते नऊ हे संख्यावाचक शब्द, तसेच देव आणि सर्प यांचे वाचक शब्द (दीओ, सेर्पे) यांतील साम्य नोंदविले. सर विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या (१७८६) दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे. त्यावरून त्याने कोणताही सिद्धांत मांडला नाही आणि भाषाविज्ञानावरही त्याचा काही परिणाम झाला नाही. तथापि व्यापाऱ्याच्या चौकस कानाचा तो चांगला नमुना आहे.

नोटरी आणि लोकभाषा : इटालियनच्या सर्वांत जुन्या निर्विवाद लिखित पुराव्याचे स्थान काव्यात नसून जमिनीच्या एका दाव्यात आहे. मार्च ९६० मध्ये काप्वा येथील न्यायाधीशापुढे मोंते कास्सीनोचा बेनेडिक्टपंथीय मठ आणि एक जमीनदार यांच्यातील वाद चालला. साक्षीदारांनी शपथेवर सांगितले, की दाखविलेल्या सीमांमधील जमिनी तीस वर्षे मठाच्या ताब्यात आहेत. सर्व निवाडा लॅटिनमध्ये लिहिला गेला. परंतु साक्षीचे शब्द मात्र लोकभाषेत जसेच्या तसे नोंदविण्यात आले. साक्षीदाराला जे कळले आणि जे तो बोलला तेच लिहिले जावे, ही कायद्याची गरज या नोंदीच्या मुळाशी असावी. व्हेरोना येथील हस्तलिखितातील लेखनक्रियेविषयीचे कोडे याहून जुने (आठव्या शतकाची अखेर वा नवव्याचा प्रारंभ) असले, तरी त्याची भाषा लॅटिन म्हणावी की इटालियन याविषयी मतभेद आहेत.

पुढील तीन शतकांत दोन भाषांमधील ये-जा हे नोटरींचे नित्याचे काम झाले. खरेदीखत, मृत्युपत्र वा भागीदारीचा करार लॅटिनमध्येच लिहावयाचा. पक्षकाराला मात्र लॅटिन कळत नसे. बोलोन्या नगराच्या १२४६ च्या नियमांनुसार नोटरी होऊ इच्छिणाऱ्याला आपण लिहिलेला दस्तऐवज लॅटिनमध्ये आणि लोकभाषेतही वाचून दाखविता येतो, हे परीक्षकांपुढे सिद्ध करावे लागे. अनुवादाचे कौशल्य हा एखाद्या व्यवसायात प्रवेश मिळविण्याचा अटीचा भाग असल्याचे यूरोपातील हे एक फार जुने उदाहरण होय. आजच्या शपथपूर्वक अनुवादाची मुळे येथपर्यंत नेता येतात.

काव्याच्या प्रारंभीही नोटरीच आढळतो. सम्राट दुसरा फ्रीड्रिख (११९४–१२५०) याच्या सिसिलीतील दरबारात प्रॉव्हांसाल कवींच्या आदर्शावर लोकभाषेत काव्यरचना झाली. या कवींपैकी जाकोमो दा लेंतीनी हा सुनीताचा (सॉनेटचा) जनक मानला जातो व तो व्यवसायाने नोटरी होता. त्यांच्या कविता आपल्यापर्यंत मुख्यत्वे तस्कन नकलाकारांच्या हस्तलिखितांतून आल्या. नकलताना त्यांनी सिसिलियन स्वर तस्कन उच्चाराप्रमाणे बदलले. त्यामुळे काही यमके जुळेनाशी झाली. ही चुकलेली यमके सदोष न मानता पुढच्या कवींनी ती मान्य संकेत म्हणून स्वीकारली. नकळत झालेल्या अनुवादाचा साहित्यावर झालेला हा परिणाम मोठा गमतीचा आहे.

दान्ते व त्यानंतर : दान्ते आलीग्येरी (१२६५–१३२१) याने ‘द व्हल्गारी एलोक्वेंतिआ’ (सु. १३०३–०५) हा लोकभाषेची थोरवी सांगणारा अपूर्ण ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. इटलीतील चौदा बोली त्याने तपासल्या आणि फ्लॉरेन्सच्या स्वतःच्या बोलीसह एकीलाही श्रेष्ठ साहित्यभाषेचा मान देण्याचे नाकारले. मात्र ‘दीव्हीना कोम्मेद्या’ लिहिताना त्याने फ्लॉरेन्टाइन बोलीचाच पाया घेतला. ‘कोन्व्हीव्यो’मध्ये त्याने असे मत मांडले आहे, की छंदोबद्ध रचनेचा दुसऱ्या भाषेत अनुवाद केला असता तिचे माधुर्य व नाद नाहीसे होतात. पीत्रार्क (१३०४–७४) आणि बोकाचीओ (१३१३–७५) यांच्या कृतींनी फ्लॉरेन्टाइन बोलीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती तिच्या व्यापारी व सराफी सामर्थ्यामुळे आणखी दृढ झाली. बोकाचीओच्या ‘देकामेरोन’मधील अखेरच्या ग्रीझेल्दाच्या कथेचे लॅटिन रूपांतर १३७३ मध्ये स्वतः पीत्रार्कने केले. लोकभाषेतून पंडितभाषेत झालेल्या या उलट प्रवासामुळेच ती कथा यूरोपभर पोहोचली आणि चॉसरच्या हाती पडली.

याच काळात लॅटिन व फ्रेंच ग्रंथ लोकभाषेत आणण्याचे कार्य फ्लॉरेन्समध्ये मोठ्या प्रमाणावर चालले. दान्तेला गुरुस्थानी असलेल्या ब्रुनेत्तो लातीनीने सिसेरोच्या वक्तृत्वशास्त्रविषयक ग्रंथाच्या काही भागाचा सटीक अनुवाद केला. नगरसभेत बोलणाऱ्या नागरिकाला वक्तृत्वाचे नियम हवे होते आणि लॅटिन शिकण्यास त्याला सवड नव्हती. इटालियन गद्याला लांब, गुंफलेली वाक्ये पेलण्याचे बळ अशा अनुवादांनी आले.

पंधराव्या शतकात लेओनार्दो ब्रूनी (सु. १३७०–१४४४) याने ॲरिस्टॉटलचे ग्रंथ ग्रीकमधून लॅटिनमध्ये नव्याने उतरविले आणि त्यावर टीका झाल्यानंतर यथार्थ अनुवादाविषयी स्वतंत्र निबंध लिहिला. अनुवादकाला दोन्ही भाषांचे पुरेसे ज्ञान हवे. एवढेच नव्हे, तर मूळ लेखकाच्या शैलीची लयही त्याने पकडली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ‘पलीकडे नेणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाला अनुवाद करण्याचा अर्थ ब्रूनीच्या लेखनातून रूढ झाला असे मानले जाते. इटालियन ‘त्रादूर्रे’ व फ्रेंच ‘त्राद्वीर’ ही क्रियापदे त्यावरूनच आली. अनुवादकाला विश्वासघातकी ठरविणारी ‘त्रादुत्तोरे, त्रादितोरे’ ही इटालियन म्हणही सर्वश्रुत आहे. तिच्यातील गंमत एका स्वराच्या व एका व्यंजनाच्या फरकावर उभी असल्याने ती कोणत्याच भाषेत नीट उतरत नाही.

भाषेचा प्रश्न : इटलीत १४६५ मध्ये मुद्रणकला आली व लवकरच व्हेनिस हे तिचे केंद्र झाले. एकाच पुस्तकाच्या प्रती मिलान, नेपल्स व रोम येथे विकावयाच्या, तर त्यांची भाषा कोणती असावी, हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिला नाही. पीएत्रो बेंबो (१४७०–१५४७) या व्हेनिसवासी पंडिताने मुद्रक आल्दुस मानुत्सिउससाठी १५०१ मध्ये पीत्रार्कच्या कवितांची आवृत्ती सिद्ध केली आणि १५२५ मध्ये ‘प्रोझे देल्ला व्होल्गार लिंग्वा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पद्यासाठी पीत्रार्क आणि गद्यासाठी बोकाचीओ हेच आदर्श, असा त्याचा निर्णय होता. निरनिराळ्या दरबारांतील सुसंस्कृतांची संमिश्र भाषा घ्यावी असे म्हणणारा एक पक्ष होता. तर आजच्या फ्लॉरेन्समध्ये जी बोलली जाते तीच खरी, असे फ्लॉरेन्सचे लोक म्हणत. विजय बेंबोचा झाला. याचा अर्थ असा, की सोळाव्या शतकातील इटलीने दोनशे वर्षांपूर्वीची फ्लॉरेन्टाइन भाषा, व्हेनिसच्या माणसाच्या सांगण्यावरून, आपली साहित्यभाषा म्हणून मान्य केली. लेखनाला यामुळे विलक्षण स्थैर्य आले आणि बोलण्यापासून ते तितकेच दूर गेले. दान्तेच्या उपर्युक्त लॅटिन ग्रंथाचा प्रवेशही या वादात अनुवादाच्या मार्गानेच झाला. त्रिस्सीनोने त्याचा इटालियन अनुवाद १५२९ मध्ये छापला, मूळ लॅटिन संहिता मात्र १५७७ मध्ये पॅरिसला मुद्रित झाली. मधल्या काळात हा ग्रंथ दान्तेचा आहे की त्रिस्सीनोने रचलेला, अशी शंका घेणारेही निघाले.

बेंबोच्या मताला कोशाचे रूप आक्कादेम्या देल्ला क्रुस्का या संस्थेने दिले. फ्लॉरेन्समध्ये १५८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावाचा अर्थ ‘कोंडा’ असा असून पीठ चाळण्याचे यंत्र हे तिचे बोधचिन्ह आहे. शुद्ध शब्दांचे पीठ घ्यावे व कोंडा टाकावा, हे तिचे ध्येय. तिचा कोश १६१२ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला आणि यूरोपातील नंतरच्या राष्ट्रीय कोशांना तो नमुना ठरला. त्याची पाचवी आवृत्ती १८६३ पासून निघू लागली आणि १९२३ मध्ये ‘ओ’ या अक्षरापाशी थांबली.

जर्मनीत ल्यूथरच्या बायबलने जे कार्य केले, ते इटलीत होऊ शकले नाही. इटालियन बायबल व्हेनिसला १४७१ मध्येच छापले गेले होते; परंतु सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमन चर्चने लोकभाषेतील बायबलवर निर्बंध घातले व ते सु. दोनशे वर्षे टिकले. जोव्हान्नी द्योदातीचा प्रॉटेस्टंट अनुवाद (१६०७) जिनीव्हात प्रसिद्ध झाला. सामान्य कुटुंबात रोज वाचले जाईल असे लोकभाषेतील एकच पुस्तक असणे ही गोष्ट भाषेच्या प्रसारास किती उपकारक असते, हे पाहता इटलीची ही हानी मोठी म्हटली पाहिजे. विज्ञानाच्या बाबतीत मात्र गॅलिलीओने लॅटिन सोडून ‘इल साज्जातोरे’ (१६२३) व ‘द्यालोगो’ (१६३२) हे ग्रंथ इटालियनमध्ये लिहिले आणि रोजच्या शब्दांना शास्त्रीय अर्थ दिला.

दुभाषे आणि तहनामे : व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा सारा व्यापार पूर्वेकडे असल्याने कॉन्स्टँटिनोपल येथील त्याच्या वकिलातीला तुर्की जाणणाऱ्या विश्वासू माणसांची सतत गरज भासे. स्थानिक दुभाषे ऑटोमन सुलतानाची प्रजा असत. आपल्या धन्याला न रुचणारे वाक्य सौम्य करून सांगण्याकडे त्यांचा कल असणे स्वाभाविक होते. म्हणून १५५१ मध्ये व्हेनिसने आपले तरुण भाषाशिक्षणासाठी तेथे पाठविण्याची योजना सुरू केली. फ्रान्सने पुढे तिचेच अनुकरण केले. या दुभाष्यांना ‘द्रागोमान्नो’ म्हणत. हा शब्द अरबी ‘तर्जुमान’वरून आला असून मराठीतील ‘तर्जुमा’ हा शब्दही त्याच कुळातला आहे.

इटालियन ही त्यामुळे भूमध्यसागराच्या पूर्व भागात राजनैतिक भाषा बनली. रशिया व तुर्कस्तान यांच्यातील कुचुक कायनार्जाच्या तहाच्या (१७७४) रशियन, तुर्की व इटालियन अशा तीन भाषांतील प्रती होत्या. ऑटोमन साम्राज्यातील ख्रिस्ती धर्मीयांविषयीच्या या तहातील कलमांचा अर्थ काय, हा वाद पुढे क्रिमियाच्या युद्धापर्यंत (१८५३–५६) धुमसत राहिला.

अनुवादातील तफावतीचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण वुचालेच्या तहाचे आहे. इथिओपियाचा नवा सम्राट दुसरा मेनेलिक आणि इटलीचा प्रतिनिधी पीएत्रो आंतोनेल्ली यांनी २ मे १८८९ रोजी या तहावर सह्या केल्या. तहाच्या अम्हारिक व इटालियन अशा दोन प्रती होत्या. सतराव्या कलमाच्या अम्हारिक पाठानुसार इतर यूरोपीय सत्तांशी व्यवहार करताना सम्राट इटलीचे साहाय्य घेऊ शकेल, असे होते. इटालियन पाठानुसार ते घेण्यास त्याने संमती दिली होती, म्हणजेच ते त्याच्यावर बंधनकारक होते. ऑक्टोबर १८८९ मध्ये इटलीने आपल्या पाठाच्या आधारे इथिओपिया हे आपले संरक्षित राज्य झाल्याचे इतर सत्तांना कळविले. मेनेलिकला ही गोष्ट समजली ती यूरोपीय राज्यकर्त्यांच्या उत्तरांवरून. आपल्याशी थेट पत्रव्यवहार न करता इटलीमार्फत करावा, असे त्यांनी त्याला सुचविले होते. त्याने इटलीच्या राजाला लिहून आपण असे काही मान्य केले नसल्याचे स्पष्ट केले. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर १८९३ मध्ये त्याने तह रद्द केल्याचे घोषित केले. युद्ध झाले. आडोवा येथे १ मार्च १८९६ रोजी इटलीच्या सेनेचा दारुण पराभव झाला व दोन्ही बाजूंची हजारो माणसे मारली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील आदिस अबाबाच्या तहाने वुचालेचा तह रद्द झाला आणि इटलीला इथिओपियाचे संपूर्ण स्वातंत्र्य मान्य करावे लागले. ही तफावत हेतुपुरस्सर होती की निष्काळजीपणाची, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तथापि दोन पाठांपैकी वादप्रसंगी कोणता ग्राह्य धरावा, हे ठरविल्याशिवाय द्विभाषिक तहावर सही करणे किती घातक असते, हे त्यावरून ध्यानी येते.

राष्ट्रभाषेचा प्रसार : इटलीचे एकीकरण १८६१ मध्ये झाले तेव्हा इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण तूल्यो दे माउरो या भाषावैज्ञानिकाच्या अंदाजानुसार सु. अडीच टक्के होते. आर्रीगो कास्तेल्लानी याने ते सु. दहा टक्के धरले. कोणताही आकडा घेतला, तरी बहुसंख्य प्रजेला आपल्या नव्या राष्ट्राची भाषा परकी होती. निरक्षरतेचे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास होते. खुद्द राजा पिडमाँटी बोले, तर पंतप्रधान काव्हूरला फ्रेंच अधिक सोयीची वाटे. येथे एक खुलासा आवश्यक आहे : व्हेनेशियन, नेपोलिटन, सिसिलियन इत्यादींना ‘बोली’ म्हणत असले, तरी त्या इटालियनची बिघडलेली रूपे नव्हेत, त्या लॅटिनपासूनच स्वतंत्रपणे निघालेल्या तिच्या बहिणी होत. सार्डिनियन व फ्रिउलियन यांना तर स्वतंत्र भाषाच मानतात.

मिलानचा कादंबरीकार आलेस्सांद्रो मांझोनी (१७८५–१८७३) याने आपल्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या १८२७ मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीची भाषा फ्लॉरेन्समधील सुशिक्षितांच्या बोलण्यानुसार पुन्हा तपासली व सुधारित आवृत्ती १८४०–४२ मध्ये काढली. १८६८ मध्ये शासनाला सादर केलेल्या अहवालात त्याने शाळांत फ्लॉरेन्टाइन शिक्षक नेमावेत व त्या बोलीचा कोश करावा, असे सुचविले. भाषावैज्ञानिक आस्कोलीने १८७३ मध्ये त्याला विरोध केला : शिक्षण व विचारांची देवघेव वाढल्याशिवाय हुकमाने भाषा एक होत नाही. प्रत्यक्षात आस्कोलीचेच म्हणणे खरे ठरले. लष्करी सेवा, स्थलांतर, पहिले महायुद्ध, वृत्तपत्रे आणि अखेरीस ३ जानेवारी १९५४ पासून सुरू झालेले दूरचित्रवाणीचे नियमित कार्यक्रम यांनी ती घरोघरी नेली. तरीही २०१५ च्या अधिकृत पाहणीत घरात मुख्यत्वे इटालियनच बोलणाऱ्यांचे प्रमाण सु. ४६ टक्के आढळले, सु. ३२ टक्के लोक इटालियन व बोली दोन्ही वापरीत होते.

फॅसिस्ट राजवटीने (१९२२–४३) भाषेवर बळाचा प्रयोग केला. दक्षिण तिरोलमधील जर्मन ग्रामनामे इटालियन करण्यात आली, परकी शब्द पाट्यांवरून हद्दपार झाले आणि १९३८ मध्ये आदरार्थी ‘लेइ’ऐवजी ‘व्होइ’ वापरण्याचा आदेश निघाला. या आदेशांपैकी बहुतेक राजवटीबरोबरच संपले. एक गोष्ट मात्र टिकली : परभाषेतील संवाद असलेल्या चित्रपटांना १९३० पासून बंदी झाल्याने त्यांवर इटालियन संवाद चढविण्याचा व्यवसाय उभा राहिला आणि आजही इटलीत परदेशी चित्रपट प्रामुख्याने याच रूपात पाहिले जातात. विरोधाभास असा, की याच राजवटीत चेझारे पावेझेने मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’चा अनुवाद केला (१९३२) आणि व्हित्तोरीनीच्या अमेरिकन साहित्याच्या संकलनाला (१९४१) अडथळा आल्यानंतर ते बदललेल्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध करावे लागले. एका पिढीने मोकळ्या हवेचा श्वास अनुवादांतून घेतला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्राशी संबंध : रोममधील धर्मप्रसार मंडळाच्या मुद्रणालयात (स्थापना १६२६) पूर्वेकडील अनेक लिप्यांचे खिळे पाडण्यात आले. गोव्याच्या परिसरातील मिशनऱ्यांसाठी मराठीचे एक व्याकरण पोर्तुगीज भाषेत १७७८ मध्ये तेथेच छापले गेले. व्हेनिसचा निकोलाओ मनुची १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत होता व तेथे छत्रपती शिवाजी महाराजांशी आपले संभाषण झाल्याचे त्याने लिहिले आहे. मोगलांविषयीचा त्याचा ग्रंथ, जसा लेखनिक मिळेल तसा, इटालियन, पोर्तुगीज व फ्रेंच अशा तीन भाषांत सांगून लिहविलेला असल्याने तो अनुवादकांची कसोटी पाहणारा ठरला. मॅझिनीच्या आत्मचरित्राचा वि. दा. सावरकर यांनी लंडनमध्ये केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये पुण्यास प्रसिद्ध झाला व ब्रिटिश सरकारने तो जप्त केला. तो मूळ इटालियनवरून नव्हे, तर इंग्रजीवरून केलेला होता. इटालियन ग्रंथ मराठीत येण्याचा हाच मार्ग पुढेही सामान्यतः राहिला आहे.

व्यवसायाचे आजचे स्वरूप : इटलीत वकील वा नोटरी यांच्याप्रमाणे अनुवादकांची शासकीय सनद नाही. १९५० मध्ये स्थापन झालेली अनुवादक व दुभाष्यांची राष्ट्रीय संघटना परीक्षा घेऊन सभासद करते. २०१३ च्या कायद्याने अशा सनदरहित व्यवसायांना काही वैधानिक चौकट मिळाली. १९४१ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार अनुवाद ही स्वतंत्र कृती म्हणून संरक्षित आहे. मोबदला मजकुराच्या ‘कार्तेल्ला’ नावाच्या मापावर ठरतो; रिकाम्या जागा धरून १,५०० वा १,८०० अक्षरचिन्हांचे हे माप असते, पुस्तकांसाठी पुष्कळदा २,००० चे. अनुवादसेवेविषयीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एकाने केलेला अनुवाद दुसऱ्या पात्र व्यक्तीने मुळाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

यूरोपीय समुदायाच्या १९५८ च्या पहिल्याच विनियमाने डच, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा अधिकृत ठरविल्या. आता यूरोपीय संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत. सर्व भाषांतील पाठ सारखेच अधिकृत समजले जातात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने येथे मूळ व अनुवाद असा भेदच नाही. लोकर आयात करणाऱ्या इटालियन व्यापाऱ्यांच्या एका प्रकरणात समुदायाच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर १९८२ रोजी स्पष्ट केले, की एखाद्या नियमाचा अर्थ लावताना निरनिराळ्या भाषांतील पाठांची तुलना करणे भाग आहे. वुचालेच्या तहाच्या वेळी नव्हती ती दक्षता येथे संस्थारूपाने घेतलेली दिसते.

फौजदारी कामात दुभाष्याची तटस्थता निर्णायक असते. इटलीतील २००७ च्या एका खून प्रकरणात पोलिसांपुढील जबाबाच्या वेळी दुभाषी स्त्रीने भाषांतराच्या पलीकडे जाऊन परदेशी तरुणीशी मध्यस्थाच्या नात्याने वर्तन केले आणि अधिकाऱ्यांनी त्याची योग्य दखल घेतली नाही, असे यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. संशयिताला दुभाषा व अनुवाद मिळण्याचा हक्क २०१० च्या यूरोपीय निर्देशाने आणि त्यानुसार २०१४ मध्ये केलेल्या इटालियन कायद्याने मान्य केला आहे.

संगणकीय अनुवादाचे प्रयोग इटलीत विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते. २०१६ च्या सुमारास मज्जाजालसदृश संगणकीय पद्धती आल्यापासून व्यापारी पत्रे, माहितीपत्रके इत्यादींत यंत्राने केलेला मजकूर माणसाने सुधारणे हेच अनुवादकाचे काम बनत चालले आहे. जेथे चुकीची जबाबदारी कोणावर तरी निश्चित करावी लागते, तेथे मात्र अद्याप माणसाची सही लागते. शपथपूर्वक अनुवादासाठी अनुवादक न्यायालयाच्या कार्यालयात वा नोटरीपुढे हजर राहून आपण निष्ठेने अनुवाद केल्याची शपथ घेतो. मूळ प्रत, अनुवाद आणि शपथपत्र एकत्र बांधून त्यांवर मुद्रांक लावतात.

महाराष्ट्रातून शिक्षण, नोकरी वा विवाह यांनिमित्त इटलीत जाणाऱ्यांचे मराठी जन्मदाखले, विवाहनोंदी व वारसाचे कागद याच प्रक्रियेतून जातात. परदेशी दस्तऐवजांच्या प्रमाणनाविषयीचा १९६१ चा हेग करार इटलीत १९७८ पासून व भारतात २००५ पासून लागू असल्याने परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ पुरेसे होते. खरी अडचण शब्दांत येते. मराठी नावातील वडिलांचे नाव इटालियन नमुन्यातील ‘नाव’ व ‘आडनाव’ या दोन रकान्यांपैकी कोठे घालावयाचे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पारपत्राशी जुळले नाही, तर एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात. इंग्रजीच्या मध्यस्थीने काम करणाऱ्यास ‘पारेंती’ हा शब्द आईवडिलांचा वाचक वाटतो. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नातेवाईक असा असून आईवडिलांना ‘जेनितोरी’ म्हणतात. याहून अवघड ‘निपोते’. नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा व भाची या सर्वांना इटालियनमध्ये हा एकच शब्द आहे. तसेच काका व मामा या दोघांनाही ‘झीओ’ म्हणतात. वारसाहक्काच्या कागदात पुतण्या आणि नातू यांतील भेद मिळकतीचा वाटा बदलू शकतो. म्हणून अशा ठिकाणी जाणता अनुवादक एका शब्दावर न थांबता ‘भावाचा मुलगा’, ‘मुलीचा मुलगा’ असे नाते फोडून लिहितो आणि तसे केल्याची टीप शपथेखालील मजकुरात देतो.